पतंगांना थोपवणारा पिवळा प्रकाश: शेडनेटमध्ये रात्रीचे दिवे लावण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

इंदूरजवळच्या राऊ, सांवेर आणि महू या बाजूला शेडनेटमध्ये (जाळीने झाकलेल्या मांडवात) ढोबळी मिरची, टोमॅटो किंवा गुलाब घेणाऱ्या माझ्या ओळखीच्या अनेकांनी अळीच्या बंदोबस्तासाठी रात्रीचे दिवे लावले आणि एका हंगामात काढूनही टाकले. प्रत्येकाची तक्रार एकच असते, की दिवे लावल्यावर अळी कमी होण्याऐवजी वाढली. त्यांची तक्रार खरी असते, पण दोष पद्धतीचा नसून क्रमाचा आणि दिव्याच्या निवडीचा असतो. रात्रीचा प्रकाश पतंगाला दोनच गोष्टी करू शकतो: बोलावतो किंवा थोपवतो. प्रकाश सापळ्यातील निळसर, अतिनील किंवा पांढरा दिवा बोलावतो. शुद्ध पिवळा दिवा, पुरेसा आणि अखंड असेल तर, थोपवतो. बोलावणारा दिवा थोपवण्याच्या जागी टांगला, तर आपणच शेजारच्या शेतातील पतंगांना आपल्या पिकावर अंडी घालण्याचे आमंत्रण देतो.

पिवळा दिवा पतंगाला मारत नाही आणि जाळत नाही. निशाचर पतंगाच्या डोळ्यात एक गडद रंगद्रव्य असते. अंधार पडला की ते बाजूला सरकते आणि डोळा मंद प्रकाशासाठी मोकळा होतो. उजेड असला की तेच रंगद्रव्य परत पसरते आणि डोळा दिवसाच्या अवस्थेत राहतो. डोळा दिवसाच्या अवस्थेत असला, की पतंग पानाआड बसून राहतो. त्याचे उडणे, मीलन आणि अंडी घालणे मंदावते. आपल्याला रात्रभर हीच अवस्था टिकवायची आहे. पुढची प्रत्येक पायरी या एका कारणासाठी आहे.

## 1. आधी कीड ओळखावी, मग पीक तपासावे

हा उपाय मुख्यतः रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी आहे: घाटेअळी, तंबाखूची पाने खाणारी अळी (आपल्याकडे मजूर दोघींनाही सरसकट ‘इल्ली’ म्हणतात) आणि त्यांच्या कुळातील इतर अळ्या. पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे, कोळी यांच्यावर त्याचा भरवसा धरू नये. पाने आकसलेली असतील, तर तो फुलकिडे किंवा कोळी यांचा प्रश्न असू शकतो आणि त्यासाठी दिव्यांवर केलेला खर्च वाया जाईल.

पिकाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे, कारण अनेक पिके रात्रीच्या लांबीवरून फुलायचे ठरवतात.

- ढोबळी मिरची, टोमॅटो आणि गुलाब यांचे फुलणे रात्रीच्या लांबीवर फारसे अवलंबून नाही. सुरुवात यांच्यापासून करावी.
- शेवंती लहान दिवसाचे, म्हणजे रात्र लांब असली की फुलणारे पीक आहे. रात्री प्रकाश मिळाला तर तिला कळ्या येणे लांबते. बाजाराची तारीख धरून शेवंती घेणाऱ्याने अखंड पिवळा प्रकाश लावू नये. झेंडूच्या काही जातींनाही हाच धोका आहे.
- पालकाचे उलटे आहे. रात्रीच्या उजेडाने दिवस लांबल्यासारखे होते आणि त्याला अवेळी फुलोऱ्याचा दांडा फुटतो.
- सोयाबीन आणि तीळ ही लहान दिवसाची पिके आहेत. रस्त्यावरच्या दिव्याखालचे सोयाबीन बाकीचे शेत पिवळे पडल्यावरही हिरवेच उभे राहते, हे माळव्यातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

जपानमध्ये शेवंतीसाठी अतिशय जलद उघडझाप करणारे पिवळे एलईडी दिवे विकसित झाले आहेत, जेणेकरून पतंगाचा डोळा उजेडाच्या अवस्थेत राहावा आणि झाडावरचा परिणाम कमी व्हावा. परंतु ती उघडझाप इतकी जलद असते, की मधल्या अंधारात डोळ्याला सावरायला वेळच मिळत नाही. लग्नाच्या रोषणाईचे फ्लॅशर जोडून हा परिणाम साधणार नाही.

तपासणी: पीक, जात आणि लागवडीची तारीख कागदावर लिहावी. जातीच्या फुलोऱ्याबद्दल शंका असेल, तर पूर्ण शेडनेटऐवजी एका कोपऱ्यातील दोन बेडवर एक हंगाम पाहावे.

## 2. दिव्याआधी घर रिकामे करावे

ही पायरी सर्वांत जास्त वगळली जाते. दिवा येणाऱ्या पतंगाला थोपवतो. आत आधीच असलेली अंडी आणि अळ्या त्याला जुमानत नाहीत. घाटेअळी आणि तंबाखूची पाने खाणारी अळी दोन्ही जमिनीत, काही सेंटीमीटर खोलीवर कोषात जातात. जुन्या पिकाचे अवशेष काढून बेड नीट हलवला नाही, तर त्याच मातीतून पतंग बाहेर पडतील आणि दोष दिव्यावर येईल.

क्रम असा ठेवावा: जुने पीक मुळासकट काढून शेडनेटबाहेर न्यावे, बेडची माती खालीवर करावी आणि दिसतील ते तपकिरी, चकचकीत कोष वेचावेत, जाळीची भोके शिवावीत, दाराला दुहेरी पडदा करावा, मगच नवी रोपे आणावीत. रोपवाटिकेतून आलेल्या प्रत्येक ट्रेची पाने उलटून पाहावीत. तंबाखूची पाने खाणाऱ्या अळीचा अंडीपुंज पानाच्या पाठीवर मळक्या कापसाच्या ठिपक्यासारखा दिसतो, कारण मादी आपल्या अंगावरील भुरकट केसांनी तो झाकते. बोटाने हलके पुसले तर केस निघतात आणि खाली मोहरीपेक्षा बारीक अंडी एकमेकांना चिकटलेली दिसतात. एका पुंजात काही शे अंडी असू शकतात. ते एक पान खुडून टाकणे कित्येक फवारण्यांच्या मोलाचे आहे.

सावधान: दिवे लावणार म्हणून जाळीची दुरुस्ती पुढे ढकलू नये. जाळी हा पहिला अडसर आहे, प्रकाश दुसरा.

## 3. दिवा: ‘पिवळसर’ म्हणजे पिवळा नव्हे

माझी स्वतःची चूक येथेच झाली. पहिल्या वर्षी मी घरगुती ‘वॉर्म’ रंगाचे एलईडी बल्ब आणले, कारण डोळ्याला त्यांचा उजेड पिवळाच दिसत होता. शिवाय रात्री कुलूप लावायला सोपे जावे म्हणून दारावर एक पांढरा हॅलोजन होता. तिसऱ्या आठवड्यात दाराजवळच्या पहिल्या दोन बेडवर अंडीपुंज दिसू लागले आणि शेडनेट सांभाळणाऱ्या काकांनी विचारले, ‘‘भाऊ, इल्ली दारापासूनच का सुरू होते?’’ उत्तर त्यांच्या डोक्यावरच जळत होते.

‘वॉर्म’ एलईडीच्या आत निळी चिप असते. तिच्यावरील लेपामुळे प्रकाश पिवळसर दिसतो, पण निळ्या प्रकाशाचा काही भाग, सुमारे 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा, बाहेर पडतोच. पतंगाचा डोळा अतिनील, निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला संवेदनशील असतो आणि अतिनील व निळ्या भागाकडे तो सर्वाधिक ओढला जातो. म्हणून ज्याची चिपच पिवळी आहे, ज्याचा प्रकाश 580 ते 590 नॅनोमीटरच्या आसपास आहे, असा दिवा हवा.

इंदूरच्या महाराणी रोडवर किंवा अन्यत्र दिवे खरेदी करताना सोबत एक जुनी सीडी न्यावी. दुकानात दिवा लावून सीडीच्या चकचकीत बाजूवर त्याचे प्रतिबिंब तिरके पाहावे. ‘वॉर्म’ बल्ब असेल तर इंद्रधनुष्यासारखा पट्टा दिसतो आणि त्यात निळी रेघ स्पष्ट उमटते. खरा पिवळा एलईडी असेल तर पिवळा-नारिंगी अरुंद पट्टाच दिसतो, निळे काही नसते. ही परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि मी आता एकही दिवा तिच्याशिवाय घेत नाही.

पांढऱ्या बल्बवर पिवळा जिलेटीन कागद गुंडाळू नये. उष्णतेने आणि उन्हाने तो फिका पडतो आणि कडांमधून पांढरा उजेड गळतो. दिव्याचे आवरण किमान आयपी 65 दर्जाचे (धूळ आणि पाण्याचा फवारा आत न जाऊ देणारे) असावे, कारण शेडनेटमध्ये फॉगरचा ओलावा आणि औषधाचा तुषार दोन्ही असतात.

तपासणी: दारावरचा, पंपाच्या खोलीचा आणि चौकीदाराच्या खोलीचा पांढरा दिवा शोधून बदलावा किंवा शेडनेटच्या विरुद्ध बाजूला वळवावा. आत पिवळा आणि दारात पांढरा ही सर्वांत घातक जोडी आहे.

## 4. विजेची तयारी

येथे फार लिहिण्यासारखे नाही, पण एक प्रश्न आधी सोडवावा लागतो. शेतीच्या फीडरला दिवसाकाठी सुमारे दहा तास वीज मिळते आणि ते तास बदलत राहतात. आपल्याला हवी आहे ती सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंतची सलग वीज. त्यामुळे ही जोडणी कोणत्या फीडरवर आणि कोणत्या दरश्रेणीत बसते, हे पश्चिम क्षेत्र विद्युत वितरण कंपनीच्या स्थानिक कार्यालयात आधी विचारून घ्यावे आणि इन्व्हर्टरची सोय करावी. दिव्यांचा भार फार नसतो: 9 वॅटचे 21 दिवे म्हणजे 189 वॅट, तेरा तासांत सुमारे अडीच युनिट.

वायरिंग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. स्वतंत्र एमसीबी (भार वाढल्यास आपोआप बंद होणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच), योग्य अर्थिंग आणि बंद जोडपेट्या यांत तडजोड नको. ओल्या बेडवर उभे राहून हात वर करणारा माणूस उघड्या जोडाला लागला, तर काय होईल ते सांगायला नको.

## 5. एका दिव्याची रात्र

सगळे दिवे टांगण्याआधी एकच टांगावा आणि एक रात्र फक्त मोजमापासाठी द्यावी. दोन दिव्यांमधले अंतर कोणी सांगितले म्हणून ठरवू नये. आपल्या दिव्याने सांगितले पाहिजे.

लक्ष्य असे आहे: पिकाच्या उंचीवर, सर्वांत अंधाऱ्या जागीही किमान 1 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे माप) प्रकाश हवा. पौर्णिमेच्या चांदण्यापेक्षा तो बराच जास्त आहे, पण वाचायला पुरेसा नाही. मोबाइलमधील ॲप इतक्या कमी प्रकाशात भरवशाचे नसते, 0.1 लक्सपर्यंत वाचणारे साधे लक्समीटर घ्यावे किंवा काही दिवसांसाठी मागून आणावे.

दिवा पिकाच्या शेंड्यापेक्षा सुमारे एक मीटर वर टांगावा. चंद्र नसलेल्या रात्री मीटर शेंड्याच्या उंचीवर, दिव्याकडे तोंड करून धरावे आणि अंतर वाढवत आकडे लिहावेत. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो. दोन मीटरवर 8 लक्स असेल, तर चार मीटरवर 2 आणि आठ मीटरवर अवघा अर्धा लक्स उरेल. अशा दिव्याचा 1 लक्स साधारण साडेपाच मीटरवर संपतो.

आता 50 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद शेडनेट घेऊ. रुंदीत तीन ओळी आणि प्रत्येक ओळीत सात दिवे, म्हणजे 21 दिवे लावले, तर दोन दिव्यांत सुमारे सात मीटर अंतर पडते आणि चार दिव्यांच्या मधोमध असलेली जागा प्रत्येकापासून सुमारे पाच मीटरवर येते. तेथे प्रत्येक दिव्याचा सव्वा लक्सच्या आसपास प्रकाश पोहोचतो. धूळ आणि दिव्याचे वय यांसाठी एवढे अधिक हवेच. भिंतीकडचा दिवा भिंतीपासून निम्म्या अंतरावर, म्हणजे साडेतीन मीटरच्या आत असावा, नाहीतर कडेचे बेड अंधारात राहतात.

सावधान: सगळे दिवे टांगून झाल्यावर मोजताना मीटर फक्त आकाशाकडे तोंड करून धरू नये. पतंग पानाच्या बाजूला बसतो, म्हणून चारही दिशांना मीटर फिरवावे आणि सर्वांत कमी आकडा धरावा.

## 6. टांगणी आणि सावल्या

लागवडीच्या दिवशी मोजलेला प्रकाश दोन महिन्यांनी तसा राहत नाही. ढोबळी मिरची दोरीवर चढून डोक्याएवढी झाली, की प्रत्येक ओळ पुढच्या ओळीवर सावली टाकते. म्हणून दिवे बेडच्या वर नव्हे, तर ओळींमधल्या वाटेवर टांगावेत, जेणेकरून दोन्ही बाजूंच्या पानांवर प्रकाश जाईल. टांगणी साखळीची असावी, म्हणजे पीक वाढेल तसा दिवा वर घेता येईल. उंची बदलली की पुन्हा मोजावे.

पाण्याच्या टाकीमागे, दाराच्या दुहेरी पडद्यात आणि कोपऱ्यात ठेवलेल्या क्रेटच्या थप्पीआड अंधाराचे खिसे तयार होतात. थोपवलेला पतंग नेमका तेथे जातो. क्रेट बाहेर ठेवावेत, उरलेल्या खिशांत एक-एक जादा दिवा द्यावा.

## 7. वेळ: अंधाराआधी लावणे, उजाडल्यावर विझवणे

दिवा अंधार पडल्यावर लावला, तर तोपर्यंत पतंगाचा डोळा रात्रीच्या अवस्थेत गेलेला असतो आणि काही पतंगांचे उडणे सुरू झालेले असते. म्हणून दिवा सूर्यास्ताच्या सुमारास, संधिप्रकाशातच लागला पाहिजे. इंदूरला सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस पावणेसहाच्या आत होतो आणि जूनअखेरीस सव्वासातच्या सुमारास. एकदा लावलेला साधा टायमर सहा महिन्यांत दीड तास चुकतो. प्रकाश पाहून चालू-बंद होणारा सेन्सर लावावा, मात्र तो शेडनेटबाहेर, आपल्याच दिव्याचा उजेड पडणार नाही अशा ठिकाणी बसवावा.

‘‘रात्री अकरानंतर बंद केले तर चालेल का?’’ हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. चालणार नाही. अंडी घालण्याची वर्दळ रात्रीच्या पहिल्या भागात जास्त असली, तरी घाटेअळीच्या पतंगाचे मीलन उत्तररात्री होते. अकराला दिवे विझवणे म्हणजे त्यांना अर्धी रात्र मोकळी देणे. वीज वाचवायची असेल, तर दिव्यांची संख्या नीट मोजून ठरवावी. तास कापू नयेत.

सुरुवात रोपे लावण्याच्या दिवसापासून करावी आणि शेवट पीक काढून अवशेष बाहेर नेल्यावर. अळी दिसल्यावर दिवे लावणारा माणूस एक पिढी उशिरा आलेला असतो.

## 8. खरोखर काम होते आहे का, हे पाहणे

दोन परीक्षा आहेत. पहिली डोळ्यांची. कपाळावर बांधायचा टॉर्च लावून, दिवे लागल्यानंतर तासाभराने आत जावे आणि पानावर बसलेल्या पतंगाकडे नजरेच्या रेषेत उजेड टाकावा. अंधारात सरावलेला डोळा निखाऱ्याच्या ठिणगीसारखा तांबूस चमकतो. उजेडाच्या अवस्थेतील डोळा काळसर, निस्तेज दिसतो. पहिली नजर महत्त्वाची आहे, कारण टॉर्चचा उजेड काही मिनिटे पडला की चमक आपोआप जाते. जेथे चमकणारे डोळे दिसतात, तेथे लक्समीटर लावावे. बहुतेक वेळा तेथे सावली सापडते.

दुसरी परीक्षा अंडीपुंजांची आणि तीच निर्णायक आहे. शेडनेटमध्ये आठ जागा ठरवून प्रत्येक जागी पाच झाडे खुणेची करावीत, त्यांतील निदान दोन जागा कोपऱ्यात असाव्यात. उबदार हवेत अंडी तीन-चार दिवसांत फुटतात, म्हणून आठवड्यातून दोनदा या चाळीस झाडांची पाने उलटून पाहावीत. घाटेअळीची अंडी पुंजात नसतात, कळीवर किंवा कोवळ्या पानावर एकेकटी असतात. त्यासाठी भिंग लागते. ताज्या फुटलेल्या पुंजाजवळचे पान जाळीसारखे पारदर्शक दिसते. असे पान पिशवीत घेऊनच खुडावे, म्हणजे अळ्या खाली सांडत नाहीत.

सावधान: आतल्या कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणाऱ्या) नर कमी पडले, म्हणून समाधान मानू नये. प्रकाशात नर फारसे उडत नाहीत, त्यामुळे सापळा रिकामा राहू शकतो. कामगंध सापळे बाहेर लावावेत. परिसरात पतंग किती आहेत हे ते सांगतील. ल्यूअर, म्हणजे सापळ्यातील गंधाची गोळी, उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावा.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मातीत राहिलेल्या कोषांतून काही पतंग आतच निघतील. तेवढ्यावरून दिवे काढू नयेत. कोवळ्या अळ्या मोजणीत दिसल्या, तर पुंज खुडणे आणि शिफारस केलेली फवारणी नेहमीप्रमाणे करावी. फवारणीपूर्वी एमसीबी बंद करावा. महिन्यातून एकदा, दिवे बंद असताना, प्रत्येक आवरण ओल्या फडक्याने पुसावे. पावसाळ्यात त्यावर हिरवट थर चढतो आणि प्रकाश नकळत घटतो.

## 9. प्रकाश सापळा वापरायचा असल्यास

सापळा शेडनेटच्या आत किंवा दाराजवळ कधीही नको. तो दूर, मोकळ्या जागी, मधे दुसरे पीक नसेल असा लावावा आणि रात्रीचे पहिले काही तासच चालवावा, कारण त्यात मित्रकीटकही मरतात. रोज सकाळी तो रिकामा करावा. पौर्णिमेच्या आसपास सापळ्यात पतंग कमी पडतात. त्यावरून शेतातले पतंग कमी झाले असे समजू नये.

## 10. बांधापलीकडचे सोयाबीन

शेडनेटच्या जाळीतून उजेड बाहेर पडतो आणि आपल्याकडे बांधापलीकडे बहुधा सोयाबीनच असते. जुलैच्या मध्यापासून, म्हणजे शेजाऱ्याचे पीक फुलोऱ्यावर येण्यापूर्वी, अंधाऱ्या रात्री मीटर घेऊन त्याच्या पिकाच्या पहिल्या ओळीत उभे राहावे. आकडा शून्याच्या जवळ नसेल, तर त्या बाजूच्या दिव्यांना पत्र्याचे अर्धगोल झाकण बसवावे किंवा त्या बाजूच्या जाळीला आतून गडद कापड लावावे. ऑक्टोबरात त्याच्या शेताची बांधालगतची पट्टी हिरवी राहिली आणि हार्वेस्टर फिरवता आला नाही, तर ते नुकसान त्याचे होते आणि कारण आपला दिवा असतो. शेजाऱ्याला आधी सांगून, त्याच्यासमोरच हे मोजमाप करावे.